विषय: संकष्टी मंगळवारी की बुधवारी?

नमस्कार मंडळी,
भिंतीवरच्या, भारतातून आणलेल्या कॅलेंडरात या वेळची संकष्टी बुधवारी आहे. फोनमधलं पंचांग मंगळवार म्हणतंय. सासूबाई सध्या इथेच आहेत. त्यांचं म्हणणं, "तिथी ती तिथी, देश बघून बदलते का?" उपास कधी धरायचा?
– तिसऱ्या मजल्यावरची

---

वहिनी,
सासूबाईंचं अर्धं बरोबर आहे. चंद्र सूर्याच्या पुढे १२ अंश सरकला की एक तिथी संपते, आणि तो क्षण सगळ्या जगाला एकच. पण त्या क्षणी तिकडे बुधवारची सकाळ असते, तर इथे मंगळवारची रात्र.

समजा, वद्य चतुर्थी भारतात बुधवारी सकाळी ६ला लागली आणि गुरुवारी पहाटे ४ला संपली. आपण उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे, म्हणजे इथे ती मंगळवारी रात्री साडेआठ ते बुधवारी संध्याकाळी साडेसहा. संकष्टीला चंद्रोदयाच्या वेळी चतुर्थी हवी. मंगळवारी रात्री पावणेअकराला चंद्र उगवेल तेव्हा ती आहे, बुधवारी चंद्र यायच्या आधीच संपलेली. त्यामुळे मंगळवार.

बाकी दिवसाला तिथी मिळते ती सूर्योदयाची. चंद्राचा वेग कमीजास्त होतो, म्हणून तिथी कधी १९-२० तासांत आटोपते, कधी २६पर्यंत रेंगाळते. दोन सूर्योदयांच्या मधेच उरकली तर क्षय, दोन्ही सूर्योदयांना सापडली तर वृद्धी. सणांचे नियम पुन्हा निराळे. गणेश चतुर्थीला मध्यान्ह बघतात, लक्ष्मीपूजनाला प्रदोष. (आपल्या मंडळाचा गणपती मात्र हॉल मिळेल त्या शनिवारी बसतो.)
– ग्रंथालयवाले काका

---

काका, मग राहुकाळ? मी इतकी वर्षं सोमवारी साडेसात ते नऊ पाळतोय.
– खजिनदार

---

ते गणित सूर्योदय ६ला आणि सूर्यास्त ६ला धरून केलेलं. खरं म्हणजे दिनमानाचे आठ भाग करायचे, सोमवारी दुसरा भाग राहूचा. जूनमध्ये इथे साडेपाचला उजाडून रात्री साडेआठला मावळलं तर दिनमान १५ तासांचं, एक भाग जवळजवळ १ तास ५२ मिनिटांचा. राहुकाळ साधारण ७:२२ ते ९:१५.

अभिजित मुहूर्ताचंही तसंच. दिवसाच्या १५ मुहूर्तांपैकी तो आठवा, बरोब्बर मधला. १२ तासांच्या दिवसात ४८ मिनिटांचा, या दिवसात तासाभराचा. घड्याळ पुढे केलेलं असल्यामुळे येतो साडेबारा ते दीड. बाराच्या ठोक्याला वास्तुशांतीचे फोटो काढणाऱ्यांनी नोंद घ्यावी.
– काका

---

काका, सासूबाईंना वाचून दाखवलं. दोन मिनिटं गप्प होत्या. मग एकदम म्हणाल्या, "अगं, मंगळवारी आली म्हणजे इथे अंगारकी!" आता भारतात जाऊबाईंना फोन चाललाय, की तुमची साधी आणि आमची अंगारकी. वर, आमचा चंद्र उगवेल तेव्हा तुमच्याकडे बुधवारचे सव्वाआठ, म्हणजे तुम्ही सकाळचा चहा घेत असताना आमचा उपास सुटलेलासुद्धा.