मदत हवी आहे: तीन सर्व्हरच्या खासगी क्लाउडसाठी स्विच एक गिगाबिटचा घ्यावा की दहाचा?

चाचणीकक्ष: आमच्या लहानशा कंपनीत चाचणीसाठी तीन जुन्या सर्व्हरवर ओपनस्टॅक (स्वतःचा खासगी क्लाउड चालवणारी प्रणाली) उभारायचे ठरले आहे. सर्व्हर रॅकमध्ये बसवून झाले आहेत, आता फक्त स्विच घ्यायचा राहिला आहे. एक गिगाबिटचा पुरेल की दहाचाच लागेल, एवढेच सांगावे. सोमवारी खरेदीची मागणी द्यायची असल्यामुळे नेमके उत्तर हवे आहे.

कृष्णाकाठ: डिस्क कुठे ठेवणार हे कळल्याशिवाय नेमके उत्तर देता येणार नाही. आभासी यंत्रांच्या डिस्क त्या त्या सर्व्हरवरच राहणार असतील, तर एक गिगाबिटमध्ये चाचणीचे काम भागते. की सेफ (Ceph, सगळ्या सर्व्हरच्या डिस्क एकत्र करून सामायिक साठा बनवणारी प्रणाली) वापरणार आहात? मेमरी किती, डिस्क किती आणि मागच्या बाजूला पोर्ट किती, तेही लिहावे.

निवांत: तीन सर्व्हरसाठी ओपनस्टॅक म्हणजे दोघांच्या भातासाठी पंगतीचे पातेले चुलीवर चढवणे आहे. प्रॉक्समॉक्स (आभासी यंत्रे चालवणारी सोपी प्रणाली) घ्या, एका दुपारी काम होईल. मी दोन वर्षे तेच चालवतो आहे आणि मला कधीही पश्चात्ताप झालेला नाही.

तारयंत्र: निवांत, त्यांनी स्विच विचारला आहे, प्रणाली नव्हे. शिवाय प्रॉक्समॉक्सवर सेफ चालवले तरी नेटवर्कचा प्रश्न जागच्या जागीच राहतो.

चाचणीकक्ष: सेफ वापरणारच आहोत, ते मी गृहीत धरले होते. प्रत्येक सर्व्हरमध्ये 64 जीबी मेमरी आणि तीन एसएसडी आहेत. पोर्टचा येथे काय संबंध आहे?

कृष्णाकाठ: संबंध आहे. सेफ नेहमीच्या मांडणीत प्रत्येक गोष्टीच्या तीन प्रती ठेवते, म्हणजे एका सर्व्हरवर लिहिलेले उरलेल्या दोघांकडे तारेवरूनच जाते. एक गिगाबिटची तार सेकंदाला फार तर 125 एमबी वाहते, आणि मुख्य प्रत ठेवणाऱ्या सर्व्हरला त्याच तारेतून दोन प्रती पाठवायच्या असल्यामुळे लिहिण्याचा वेग साधारण साठ एमबीवर येतो. एसएसडीवर केलेला खर्च तिथेच वाया जातो. मेमरी मात्र पुरेल, कारण सेफ प्रत्येक डिस्कमागे साधारण 4 जीबी धरते, म्हणजे तीन डिस्कचे 12 जीबी.

जुना_रॅक: यूपीएसबद्दल कोणीच बोललेले नाही! आमच्याकडे एका पावसाळ्यात वीज गेली आणि तिन्ही सर्व्हर एकदम बंद पडले. घरगुती दर्जाच्या एसएसडीत वीज गेल्यावर हातचा मजकूर सांभाळणारे कपॅसिटर नसतात, आणि अशा एसएसडी सेफवर संथही चालतात. आधी ते तपासावे.

निवांत: म्हणूनच म्हणतो की भाड्याचा क्लाउड घ्या, म्हणजे वीज त्यांची आणि पंख्यांचा आवाजही त्यांचाच.

तारयंत्र: काल प्रॉक्समॉक्स, आज भाड्याचा क्लाउड! चाचणीकक्ष, आपण सर्व्हरच्या मागे जाऊन एकदा पाहून या. इतक्या मेमरीच्या जुन्या सर्व्हरमध्ये बऱ्याचदा वेगळे कार्ड आधीपासून बसवलेले असते.

चाचणीकक्ष: आताच पाहून आलो. नेहमीचे चार पोर्ट आहेत आणि बाजूच्या कार्डावर आणखी दोन चौकोनी भोके आहेत, ज्यांत काळी रबरी बुचे घातलेली आहेत. ती रिकामी जागा असावी असे मला वाटले होते. लिनक्समध्ये त्या कार्डाचे नाव इंटेल 82599 असे दिसते. तिन्ही सर्व्हरमध्ये तेच कार्ड आहे.

तारयंत्र: 82599 हे दहा गिगाबिटचे कार्ड आहे आणि ती दोन भोके त्याचेच पोर्ट आहेत. मग दहा गिगाबिट आपल्या घरातच आहे, सेफसाठी स्विचची गरज नाही. तीन डॅक केबल (दोन्ही टोकांना जोडणी बसवलेल्या तांब्याच्या तयार तारा) घ्या आणि पहिला-दुसरा, दुसरा-तिसरा, तिसरा-पहिला असा त्रिकोण जोडा. प्रत्येक सर्व्हरवर उरलेल्या दोघांकडे जाणारे स्थिर मार्ग लिहा आणि सेफची वाहतूक फक्त तिथून जाऊ द्या. या तारांवर एमटीयू (एका पाकिटाचा कमाल आकार, बाइटांत) 9000 ठेवणार असाल तर दोन्ही टोकांना सारखाच ठेवा आणि पाकिटांचे विखंडन बंद करून 8972 बाइटांचा पिंग पाठवून पाहा. साधा पिंग चालतो आणि मोठी फाईल मात्र मध्येच अडकते, या एका गोष्टीवर मी एक आख्खा रविवार घालवला आहे.

कृष्णाकाठ: सहमत आहे. फक्त चौथा सर्व्हर जोडायचा झाला की हा त्रिकोण मोडतो. बाकीच्या कामासाठी व्हीलॅन (एकाच स्विचवर वेगवेगळी आभासी नेटवर्के) समजणारा एक गिगाबिटचा व्यवस्थापित स्विच घ्या. ओपनस्टॅकच्या बाहेरच्या नेटवर्कसाठी प्रत्येक सर्व्हरवर आयपी पत्ता न दिलेला एक पोर्ट मोकळा ठेवा.

चाचणीकक्ष: चौथा सर्व्हर येणार नाही. मागणीत तीन केबल आणि एक स्विच लिहितो. सर्व्हर एकाखाली एक आहेत, एक मीटरची केबल पुरेल का?

तारयंत्र: पुरेल, पण सर्व्हर रॅकबाहेर ओढून काम करायचे असेल तर दोन मीटरची घ्या.