खतावणी लिहिणाऱ्याला बिटकॉइनची वही समजावून सांगाल का?

हळदपेठ_सांगली
नमस्कार मंडळी. सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानात २२ वर्षं दिवाणजी आहे. किर्द, खतावणी, शेतकऱ्यांच्या पट्ट्या आधी हाताने लिहिल्या, आता कॉम्प्युटरवर लिहितो. दिवाळीत पुतण्या म्हणाला, "काका, बिटकॉइन म्हणजे शेवटी एक वहीच." तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही. भाव कुठे जाईल हे मला नको, ते सांगणारे व्हॉट्सॲपवर रोज भेटतात. ही वही लिहितं कोण, असते कुठे, आणि कुणी मागचं पान बदललं तर काय, एवढंच समजून घ्यायचंय.

घरचा_नोड
काका, तुम्ही अगदी मुळाशी हात घातलात. ती वही कुठे असते म्हणाल, तर एक प्रत माझ्या घरी आहे, जुन्या लॅपटॉपला जोडलेल्या डिस्कवर. ३ जानेवारी २००९ च्या पहिल्या पानापासून आजपर्यंत सगळी, सहाशे जीबीच्या वर भरते. अशा हजारो प्रती जगभर लोकांच्या घरात आहेत.

साधारण दर दहा मिनिटांनी एक नवं पान लागतं, त्याला ब्लॉक म्हणतात. ते लावण्यासाठी मायनरांची, म्हणजे पानं लावायचं काम करणाऱ्यांची, यंत्रं अवघड आकडेमोडीची शर्यत लावतात. जिंकणाऱ्याला नवे बिटकॉइन मिळतात: सुरुवातीला ५०, एप्रिल २०२४ पासून ३.१२५. दर चार वर्षांच्या आसपास हे निम्मं होतं, म्हणून एकूण आकडा २ कोटी १० लाखांच्या पुढे जाणार नाही.

पान बदलण्याचं म्हणाल तर तुम्ही पानाच्या वर "मागील पानावरून" म्हणून बेरीज ओढता ना, तसंच इथे प्रत्येक पानावर मागच्या पूर्ण पानाचा ठसा असतो. मागे एक आकडा जरी बदलला, तरी ठसा बदलतो आणि पुढचं एकही पान जुळत नाही. माझा लॅपटॉप असं पान घेतच नाही.

कोकणची_लेक
काका, वही पक्की आहे, पण आपली किल्ली आपणच जपायची. वॉलेट, म्हणजे बिटकॉइन सांभाळायचं ॲप, उघडताना किल्ली म्हणून १२ किंवा २४ इंग्रजी शब्द मिळतात. ते ज्याच्या हाती, पैसे त्याचे. दोन वर्षांपूर्वी माझा एक व्यवहार अडकला होता. टेलिग्रामवर "मदत कक्ष" म्हणून एकजण आला, फार गोड बोलला, आणि मी ते १२ शब्द टाइप करून दिले. चहाचं आधण उकळेपर्यंत १८ हजार गेले. कुठल्या पत्त्यावर (खातेक्रमांकासारखी अक्षर-आकड्यांची ओळ) गेले तेही वहीत दिसत होतं, पण परत आणता येईना. शब्द कागदावर लिहा, फोटो काढू नका, घरच्यांखेरीज कुणाला सांगू नका. कळकळीने सांगतेय.

करसल्ला_नाशिक
घ्यायचंच ठरवलंत तर ५०० रुपयांचं घ्या. एका बिटकॉइनचे १० कोटी भाग होतात, त्यांना सातोशी म्हणतात, त्यामुळे पूर्ण नाणं घ्यावं लागत नाही. एफआययूकडे (केंद्र सरकारची संशयास्पद आर्थिक व्यवहारांवर नजर ठेवणारी संस्था) नोंदणी असलेल्या एक्स्चेंजवरूनच, म्हणजे खरेदी-विक्रीच्या ऑनलाइन बाजारातूनच, घ्या. नफ्यावर ३० टक्के कर, वर सेस. एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही, शेअरसारखं समजू नका. १ टक्का टीडीएस कापला जातो, तो रिटर्नमध्ये दाखवा.

हळदपेठ_सांगली
सगळ्यांचे आभार. काल दुकान बंद झाल्यावर पुतण्याने फोनवरून सांगितलं तसं ते अगदी पहिलं पान उघडून पाहिलं. क्रमांक शून्य, ५० बिटकॉइन जमा. त्यात लंडनच्या टाइम्स दैनिकाचा त्या दिवशीचा मथळाही आहे, बँकांना सरकार पुन्हा हात देण्याच्या बेतात आहे असा. आम्ही वहीपूजनाला पहिल्या पानावर 'श्री' लिहितो, ते आठवलं.

ताई, तुमचं वाचून वाईट वाटलं. त्यावरूनच विचारतो: आमच्याकडे चुकून दुसऱ्याच्या खात्यावर रक्कम पडली, तर खोडत नाही, उलट नोंद करतो. इथे ती कोण करतं?

घरचा_नोड
ज्याच्याकडे रक्कम गेली तोच, काका. त्याने स्वतःहून परत पाठवली तर नवी नोंद पडते. दुसऱ्या कुणाच्या हातात ते नाही. म्हणून पहिल्यांदा १०० रुपयांइतकेच पाठवून बघा, आणि पत्त्याची पहिली-शेवटची चार-चार अक्षरं पुतण्याला मोठ्याने वाचून दाखवा.