मदत हवी आहे: ई-सायकलवर तीन महिने पायडल मारूनही फरक पडत नाही

भाट्येकर:
नमस्कार मंडळी. गणपतीच्या आधी ई-सायकल घेतली. रोज सकाळी रत्नागिरीहून भाट्ये पूल ओलांडून गोळपच्या सड्यापर्यंत, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारापर्यंत, जाऊन येतो, मीटरवर १८ किमी होतात. तीन महिन्यांत मोजके पावसाचे दिवस सोडले तर खाडा नाही. वजन ८६ होतं, आज साडेपंच्याऐंशी. आपल्या या दमट हवेतसुद्धा घरी येतो तेव्हा शर्ट कोरडा! नुसता बसून राहत नाही, पायडल मारतो. मग व्यायाम होतोय की नाही? काय बदलू ते नेमकं सांगा. जानेवारीत साखर परत तपासायची आहे, तेव्हा जरा लवकर.

कातळसडा:
गियर आहेत का? असिस्ट, म्हणजे पायडलला मोटरची मदत, कितीवर ठेवता? पायडल न मारता मोटर पळवणारा अंगठ्याचा थ्रॉटल वापरता का? बॅटरी किती अँपिअर-अवरची आणि फेरीत किती उतरते? वयही लिहा. एवढं कळल्याशिवाय काही सांगणं म्हणजे हवेत बाण मारणं.

जांभा:
विकून टाका आणि साधी गियरची सायकल घ्या. मी १२ वर्षं रत्नागिरी ते गणपतीपुळे आरे-वारेच्या रस्त्याने साध्या सायकलवर जातो. काम मोटरच करणार असेल तर पाय हलवून काय होणार?

सुरंगी:
जांभा, तुम्ही १२ वर्षं जाताय म्हणून तुम्हाला जमतं. मी ५८ वर्षांची, गुहागरला असते. साधी सायकल दोन वर्षं पडवीत पडून होती, कारण आसगोलीच्या बाजूचा चढ आठवला की पायच निघत नसे. मोटरची घेतली तेव्हापासून आठवड्याला पाच दिवस बाहेर पडते. न चालवलेल्या साध्या सायकलने कुणाचा व्यायाम होतो?

भाट्येकर:
वय ४६. गियर ७ आहेत, पण चौथ्यावरून हलवत नाही. असिस्ट ५ वर, दुकानदाराने तसंच लावून दिलं होतं. थ्रॉटल फक्त चढाला. बॅटरी ३६ व्होल्ट १० अँपिअर-अवर, फेरीत मीटरवरच्या पाचातल्या दोन दांड्या उतरतात. आता उत्तर द्या.

वायंगण:
सायकलीने वजन उतरत नसतं, खरं दुखणं ताटात असतं. दोन्ही वेळचा भात निम्मा करा, सोलकढीवर दुसरी वाटी घेऊ नका. माझ्या भावाचं याने सात किलो उतरलं.

कातळसडा:
भाताचा मुद्दा चुकीचा नाही, पण त्यांचा प्रश्न घामाचा आहे. भाट्येकर, हिशेब बघा. ३६ गुणिले १० म्हणजे ३६० वॅट-अवर, ही भरलेल्या बॅटरीतली एकूण वीज. दोन दांड्या म्हणजे साधारण १४४. दांड्या अंदाजेच दाखवतात हे धरलं तरी १८ किमीला १४४ म्हणजे किलोमीटरला ८ पडले. एवढ्यात जवळपास सगळी फेरी मोटरनेच काढली. तुमचे पाय फिरले, जोर लागला नाही.

सेन्सर कोणता ते असं बघा: मागचं चाक उचलून धरा, असिस्ट १ वर ठेवा आणि पायडल हाताने हलकेच पुढे फिरवा. बोटं स्पोकपासून लांब. चाक लगेच जोरात पळालं तर केडन्स सेन्सर. त्याला पायडल फिरतंय एवढंच कळतं, तुम्ही किती दाबताय ते नाही. टॉर्क सेन्सर दाब मोजतो. केडन्सवाल्या बऱ्याच सायकलींत प्रत्येक लेव्हलला वेगाची हद्द असते. १ वर मोटर ज्या वेगाला मदत थांबवते त्याच्या पुढे जे जाल ते पूर्ण तुमच्या पायांचं. म्हणून सपाटीला १, आणि गियर वाढवत न्या.

खारा वारा:
चेनला गंज आला का? भाट्यातून येताना मिठाचा वारा लागतो. रोज ओल्या फडक्याने पुसून वाळवा आणि आठवड्याने तेल द्या. पाण्याचा जोराचा फवारा हबवर आणि वायरींच्या जोडांवर मारू नका. बॅटरी रात्रभर चार्जरला लावूनही ठेवू नका.

जांभा:
मग १ वरच चालवायची तर २५ किलोचं धूड कशाला ओढायचं?

सुरंगी:
चढासाठी! सपाटीला मी १ वर असते, चढ लागला की ३ करते आणि गियर उतरवते. माथ्यावर पोचते तेव्हा पाय शाबूत असतात, म्हणून पुढच्या गावापर्यंत जाते. साध्या सायकलवर मी पहिल्याच चढावर उतरून घरी वळले असते.

भाट्येकर:
चाक उचलून बघितलं, लगेच पळालं. १ वर चढ जमणार नाही, उजवा गुडघा पुढून दुखतो, म्हणूनच मोटरची घेतली. आणि हातातल्या घड्याळात ठोके शंभराच्या वर जातच नाहीत. २२० वजा वय करून जास्तीत जास्त ठोके १७४ येतात, त्याच्या किती टक्के हवेत?

भरतीओहोटी:
रक्तदाबाची गोळी चालू आहे का?

भाट्येकर:
हो, वर्षभर. त्याचा काय संबंध?

भरतीओहोटी:
गोळी बीटा ब्लॉकर प्रकारची असेल तर ती ठोके फारसे वर जाऊ देत नाही. मग ते गणित तुम्हाला लागू नाही. गोळी कुठली ते डॉक्टरांना दाखवून विचारा आणि जोर किती वाढवायचा तेही ठरवून घ्या. तोवर बोलण्यावरून ओळखा: शेजारच्याशी बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. असा मध्यम व्यायाम आठवड्याला १५० मिनिटं तरी हवा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर तिथेच थांबा.

गुडघा पुढून दुखतो तेव्हा बहुतेक सीट खाली असते. टाच पायडलवर ठेवा, पायडल अगदी खाली असताना पाय सरळ व्हायला हवा.

पाणंद:
याला लायसन लागतं का? मुलाला घ्यायचीय.

कातळसडा:
मोटर २५० वॅटच्या आत आणि वेग ताशी २५ किमीपेक्षा कमी असेल तर लायसनही नाही, नोंदणीही नाही. त्यापेक्षा ताकदीची घेतलीत तर लागतं. पण त्यासाठी वेगळा धागा काढा.

भाट्येकर:
सीट चार बोटं वर घेतली. आज सपाटीला १, चढाला ३, थ्रॉटलला हात लावला नाही. फणसोप येईपर्यंत शर्ट पाठीला चिकटला होता, सड्यावर पोचल्यावर दोन मिनिटं बोलता आलं नाही. एकच दांडी उतरली, वेळ मात्र बारा मिनिटं जास्त लागला. गुडघा अजून ठणकतोय, पण पुढून नाही, मागून. सीट जास्त वर गेली का?

भरतीओहोटी:
हो. एक बोट खाली घ्या आणि दोन दिवस सड्यावर जाऊ नका, पुलापर्यंतच जा. आणि बोलता येणार नाही इतकं दमू नका, डॉक्टरांना विचारेपर्यंत तरी.