मदत हवी आहे: फळी १८ सेंमी कमी पडतेय

मंडळी, नमस्कार. कोल्हापुरात दोन खोल्यांच्या घरात मॉडेल रेल्वेचा नाद करतोय. माळ्यावर मावणारी फळी ४ फुटी, म्हणजे १२२ सेंमी. तिच्यावर एचओ मापात (खऱ्याच्या १/८७) 'इंगलनूक' हे शंटिंगचं, म्हणजे वॅगन मागंपुढं करून हव्या क्रमानं लावायचं कोडं बसवायचंय. तीन सायडिंग (वॅगन उभ्या करायचे बाजूचे रूळ), त्यात ५, ३ आणि ३ वॅगन मावतात. वॅगन एकूण आठ. चिठ्ठ्या काढायच्या आणि त्याच क्रमानं पाच वॅगनची गाडी जोडायची.

मेख अशी, की शंटिंग नेकवर (इंजिन मागंपुढं करायच्या रुळावर) इंजिन आणि तीनच वॅगन मावल्या पाहिजेत. एक जादा मावली की कोड्यातली मजाच गेली. माझी वॅगन कपलिंगसकट १३ सेंमी, इंजिन १६. म्हणजे नेक ५५, काटा (रूळ फुटतात तो सांधा) २०, लांब सायडिंग ६५. झाले की १४०!

मित्र म्हणतो, ३-२-२ कर, आरामात बसेल. पण मूळ कोड्यात ६,७२० क्रम निघतात, ३-२-२ मध्ये (पाच वॅगन, तीनची गाडी) फक्त ६०. आठवड्यात पोरगं पाठ करेल.

म्हणून नेक वेगळ्या फळीवर घेतली, बिजागरी लावून. पावसाळ्यात प्लाय फुगला आणि सांध्यावर रूळ अर्धा मिलिमीटर सरकले. इंजिन ओढताना चालतंय, मागं ढकललं की वॅगन घसरलीच. (एका वॅगनमध्ये हौसेनं खरा गूळ भरलावता, तिला मुंग्या. ते वेगळंच.)

आता फळ्या नेमक्या जुळाव्यात म्हणून इथल्या उद्यमनगरातून (कारखान्यांची वसाहत) लेथवर पितळी पिना करून घेऊ का? सांध्याशी रूळ पितळी स्क्रूवर सोल्डर केले तर टिकतील का? कुणी केलंय का असं? फोटो असला तर टाका राव.