प्रति: भरवसा असेल तर धडपड कशाला?

'देवावर भरवसा आहे, मग धडपड कशाला?' हा वरचा प्रश्न वाचून पुढे येशूचा शिष्य झालेला कोळी पेत्र आठवला. बायबलमधलं लूकचं शुभवर्तमान, अध्याय ५. रात्रभर राबून हाती काही नाही, जाळी धुवायला काढलेली, आणि येशू म्हणतो खोल पाण्यात चल. येशूसारख्या सुताराने कोळ्याला मासेमारी शिकवायची! आमच्या मनोरी गावात कुणी असं सांगितलं तर कोळी हसतीलच. पेत्रानेही आधी कुरकुर केली, मग 'तुम्ही सांगता म्हणून' जाळी सोडली. होडी मात्र त्यालाच वल्हवावी लागली. पुढे जाळी फाटायला लागेपर्यंत मासे मिळाले, आणि नेमकं तेव्हाच सगळं सोडून तो येशूच्या मागे गेला. हा भाग आपण प्रवचनात पटकन उरकतो. मला तोच जड जातो. घराचा हप्ता डोळ्यासमोर येतो.