मदत हवी आहे: मर्ज करताना सगळे रीड उडतायत

मिरजकर_पीएचडी: योनिमार्गाच्या स्वॅबचं १६एस सिक्वेन्सिंग (जंतू ओळखायला त्यांचं १६एस जनुक वाचणं) बाहेरून करून आणलं, डाडा-टू सॉफ्टवेअरमध्ये टाकलं तर खराब रीड (वाचलेले डीएनएचे क्रम) गाळण्यापर्यंत व्यवस्थित चालतं आणि मर्जला, म्हणजे एकाच तुकड्याचे दोन टोकांकडून वाचलेले रीड जोडायला, गेलं की जवळजवळ काहीच उरत नाही. सोमवारी गाईडना दाखवायचंय, लवकर सांगा प्लीज.

कृष्णाकाठ: ताई, जनुकाचा रिजन कुठला? रीड किती लांब, कुठं कापले? हे न कळता काय सांगणार.

शॉटगनवाला: १६एसच्या नादी लागूच नका. शॉटगन करा, म्हणजे सॅम्पलमधला सगळाच डीएनए वाचा, प्रजातीपर्यंत नावं मिळतात.

कृष्णाकाठ: अहो या स्वॅबमध्ये शॉटगन केलं की बहुतेक रीड माणसाचेच निघतात, तेवढा खर्च पीएचडीवाल्यांना कुठून झेपणार? आणि तिने विचारलंय काय!

सातारची_वहिनी: मधेच विचारते, दही खाऊन योनीतलं इन्फेक्शन जातं का? डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात.

मायक्रो_मॅडम: वहिनी, गोळ्यांचा कोर्स पूर्ण करा. दह्यातले जंतू वेगळे, योनीत राहणारे लॅक्टोबॅसिलस क्रिस्पेटस, इनर्स, गॅसेरी, जेन्सेनी वेगळे. दही जेवणात खुशाल खा, औषध म्हणून नको.

मिरजकर_पीएचडी: व्ही३-व्ही४ रिजन, २५० पेअर्ड (दोन्ही टोकांकडून २५०-२५० बेस). शेवटी क्वालिटी पडत होती म्हणून फॉरवर्ड २३० ला, रिव्हर्स २०० ला कापलं.

कृष्णाकाठ: मग तिथंच गेलं बघा. प्रायमर (दोन्ही टोकांना असलेले ठरावीक छोटे क्रम) धरून तो तुकडा साधारण ४६० बेसचा, तुमचे झाले ४३०, दोन टोकं एकमेकांना शिवतच नाहीत. डाडा-टूला निदान १२ बेसचा ओव्हरलॅप लागतो. २४५ आणि २४० ला कापा, मॅक्सईई (रीडमध्ये किती चुका चालतील ती मर्यादा) थोडं सैल सोडा. प्रायमर मात्र आधी काढा, नाहीतर कायमेरा (दोन वेगळे क्रम चिकटून झालेला खोटा क्रम) म्हणून बरंच उडेल.

शॉटगनवाला: नाहीतर फक्त फॉरवर्ड घ्या, डोकेदुखी नको.

मायक्रो_मॅडम: प्रजात ओळखायची असेल तर अर्धी माहिती कशाला टाकायची? तो शेवटचा उपाय. आणि ताई, ब्लँक (कोरा) स्वॅब नि डीएनए काढायच्या किटचा ब्लँक सिक्वेन्स झालाय का? ज्या सॅम्पलमध्ये जंतू कमी त्यात किटमधलेच दिसतात. अजून एक, २०११ च्या रॅव्हेल यांच्या पेपरातले योनीतल्या जंतूंचे पाच गट उत्तर अमेरिकेतल्या ३९६ बायकांवरून पाडलेत, आपल्याकडच्या बायकांवर ते डोळे झाकून चिकटवू नका. आधी आपला डेटा काय सांगतो ते बघा, इथल्या बायकांचं काम मुळात कमी झालंय.

मिरजकर_पीएचडी: २४५-२४० ने मर्ज होतंय!! दोन-तीन सॅम्पल अजून कमी येतायत. ब्लँकचं सिक्वेन्सिंगवाल्यांना विचारते. प्रायमर त्यांनी काढून दिलेत का हे फाईल उघडून कसं बघायचं?

कृष्णाकाठ: रीडची पहिली वीसेक अक्षरं बघा. ती तुमच्या प्रायमरच्या क्रमाशी जुळली तर प्रायमर आहेत.