'प्रस्थापित लोकशाही' खटकते का?

अनुवादिनी : एका अहवालाचा अनुवाद करतेय. विषय असा, की नव्या आणि जुन्या लोकशाही देशांना संशोधन आणि संवादातून बळ कसं द्यायचं. मी 'उदयोन्मुख आणि प्रस्थापित लोकशाही' लिहून मोकळी झाले. सासूबाईंनी वाचलं आणि विचारलं, "प्रस्थापितांची लोकशाही का गं?" आता तो शब्द मलाही बोचतोय.

पेठेतला : सासूबाईंचे कान तयार आहेत. 'प्रस्थापित'चा अर्थ खरं तर साधा, नीट स्थापन झालेलं. पण निवडणुकीच्या बातम्यांनी 'प्रस्थापितांना धक्का' इतक्या वेळा छापलंय, की कारखाना, बँक आणि शिक्षणसंस्था एकाच घरात असलेली मंडळी डोळ्यांपुढे येतात. 'उदयोन्मुख' म्हणजे आपल्याकडे कवी किंवा गायक, तोही साठी उलटली तरी उदयोन्मुखच. देशाला लावला तर मोठ्याने धाकट्याच्या पाठीवर थाप मारल्यासारखं वाटतं. सरळ 'नवी' आणि 'जुनी' का नको?

अनुवादिनी : जुनी कुठून मोजायची? स्वित्झर्लंडमध्ये बायकांना देशपातळीवर मत मिळालं १९७१ मध्ये. माझ्या आजीने १९५२ लाच दिलं होतं! नेपाळ प्रजासत्ताक झाला २००८ मध्ये, त्याला 'नवी' बिनधास्त म्हणता येईल. पण बाकीच्यांचं काय?

मांजरीकर : 'रुजलेली' आणि 'रुजू लागलेली' म्हणा. वयाचा प्रश्नच मिटतो. आणि हा शब्द नुसता गोड म्हणून सुचवत नाही. ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी भारतातल्या लोकशाहीला 'टॉप-ड्रेसिंग' म्हटलं होतं. खालची माती मुळात लोकशाहीची नाही, हा वरून दिलेला थर आहे, असा त्यांचा रोख. आमच्या शेतात टॉप-ड्रेसिंगला वरखत म्हणतात. उभ्या पिकाला वरून देतात, मातीत मिसळलं नाही आणि जोराचा पाऊस आला तर वाहून जातं. त्यांच्या म्हणण्याला हा शब्द किती चपखल बसतो बघा.

पुढे २२ डिसेंबर १९५२ ला ते इथे पुण्यात, जिल्हा लॉ लायब्ररीत, लोकशाही यशस्वी व्हायला काय काय लागतं यावरच बोलले. समाजात डोळ्यांत भरणारी विषमता नको, विरोधी पक्ष हवा, कायद्यापुढे आणि कारभारात सगळे सारखे हवेत, संविधानिक नीती पाळली जावी, बहुमताने अल्पमताला चिरडू नये... म्हणजे रुजली की नाही हे तपासायच्या खुणा चांगल्या ठोस आहेत, वर्षं मोजत बसायला नको.

पेठेतला : मान्य. 'संवाद' मात्र जपून वापरा. पुण्यात वसंत व्याख्यानमाला १८७५ पासून आहे, व्याख्यान ऐकायची आम्हाला सवय आहे. पण प्रश्नोत्तरांत उठणारा माणूस प्रश्न विचारत नाही, दुसरं व्याख्यान देतो. दोन्ही बाजू बोलणार असतील तरच 'संवाद', नाहीतर 'परिसंवाद' लिहा.

अनुवादिनी : अहवालात दोन्ही बाजू बोलतात, तेव्हा 'संवाद'च ठेवते. 'रुजलेल्या आणि रुजू लागलेल्या लोकशाह्या' पक्कं. हे अनेकवचन चालेल ना?

मांजरीकर : नदीचं नद्या, तसं लोकशाहीचं लोकशाह्या. घराणेशाह्या म्हणतोच की आपण.